अंगठी कुणी धुतली?

१

नाना गेले तेव्हा सूक्ष्मदर्शकाचा दिवा चालूच होता.

दुपारी लेकीने प्रयोगशाळेचं दार ढकललं. खोली लहानच. एक टेबल, दोन स्टुलं, भिंतीशी तपासणीचं यंत्र. नाना टेबल आणि कपाट यांच्या मधल्या फटीत पडले होते. एक चप्पल पायात, दुसरी स्टुलाखाली. चष्मा कपाळावर चढवलेला, दगड बघताना चढवायचे तसाच. टेबलावर चहाचा रिकामा कप होता. डॉक्टर आले, त्यांनी आधी नानांची नाडी पाहिली, मग कपाचा वास घेतला आणि म्हणाले, "याला कुणी हात लावू नका. पोलिसांना फोन करा."

कपात सायनाइड निघालं. ते बाहेरून आणायची गरजच नव्हती. खाली सराफीचं दुकान, दुकानामागे कारखाना, कारखान्याला लागून ही प्रयोगशाळा आणि वर घर, असा सगळा एकाच छपराखालचा कारभार. सोन्याचा मुलामा चढवायला कारखान्यात सायनाइडचा डबा होता. डबा कुलपात असे आणि कुलपाची किल्ली शेजारच्या खिळ्याला. घरातल्या मांजरालाही ती जागा माहीत होती.

नानांनी आत्महत्या केली, हे घराने पोलीस यायच्या आधीच ठरवून टाकलं होतं. कारणही तयार होतं.

एका निवृत्त हेडमास्तरीणबाईंची पाचूची अंगठी दुरुस्तीला आली होती. दगडाला धरून ठेवणारा एक दात मोडला होता, तेवढा नवा लावायचा. दगड नानांच्या ओळखीचा. लेक शाळेत होती तेव्हा त्यांनीच तो पारखला होता आणि अस्सल, खाणीतला, असा दाखला आपल्या सहीने दिला होता. शनिवारी दुरुस्ती झाली. सोमवारी लेकीने अंगठी यंत्राखाली ठेवली आणि जेवायच्या टेबलावर सगळ्यांसमोर सांगितलं, "नाना, तो पाचू खाणीतला नाही. लॅबमध्ये वाढवलेला आहे."

नानांनी घास ताटात ठेवला. मग एवढंच विचारलं, "अंगठी कुणी धुतली?"

"नाना, आत्ता धुण्याचं काय!" दादा म्हणाला. दादा म्हणजे लेकीचा थोरला भाऊ, दुकान तोच सांभाळायचा. "उभ्या आयुष्याची सही खोटी ठरली आणि तुम्हाला धुण्याचं पडलंय?"

नाना उठून गेले. मंगळवारी दुपारी मेले.

"डोक्यावर परिणाम झाला त्यांच्या, लाजेने," दादा डॉक्टरांना म्हणाला. मग बहिणीकडे वळला. "घास तरी खाऊ द्यायचा होतास. त्यांना एकट्याला बाजूला घेऊन सांगता येत नव्हतं? तू मारलंस नानांना. तुझ्या त्या यंत्राने आणि तुझ्या जिभेने."

तिलाही तसंच वाटत होतं.

२

बुधवारी तपासाला आलेल्या निरीक्षकबाईंची सकाळीच दाढ काढली होती. एका गालात कापसाचा बोळा, गाल सुजलेला. डॉक्टरांनी कमी बोलायला सांगितलं होतं, त्यामुळे त्या एखादा शब्द विचारायच्या आणि गप्प बसायच्या. समोरच्याला ती शांतता सहन होत नसे. तो आपणहून बोलत सुटे.

"दाखवा," त्या लेकीला म्हणाल्या आणि टेबलाकडे बोट केलं.

लेकीचे डोळे सुजले होते, पण कामाचं बोलताना आवाज स्थिर होता. "खाणीतला पाचू जमिनीत तयार होताना थोडं पाणी आत धरून ठेवतो. थेंब नव्हे, अंश. यंत्राला तो दिसतो. भट्टीत रसायन वितळवून वाढवलेल्या पाचूत तो नसतो. या दगडात तो शून्य आहे. मी तीनदा पाहिलं."

"नाना?"

"नानांचा यंत्रावर विश्वास कमी. ते आतून बघायचे. खाणीतल्या पाचूच्या पोटात बारीक भेगा असतात, स्फटिक असतात, बुडबुडे असतात. आमच्या धंद्यात त्याला बाग म्हणतात. प्रत्येक दगडाची बाग वेगळी. या दगडाची मला पाठ होती. लहानपणी तो पारखायला आला होता तेव्हा नाना मला रोज दाखवायचे, 'ही बघ फांदी आणि फांदीवर बसलंय पाखरू.'" ती थांबली. "सोमवारी मी पाखरू शोधलं. नव्हतं. मला वाटलं, लहानपणीचं काय खरं धरायचं. यंत्र सांगतंय ते खरं."

निरीक्षकबाई सूक्ष्मदर्शकावर वाकल्या. अंगठी खाली चिमट्यात धरलेली होती. हिरव्या दगडाच्या आत धुरासारखे पिळवटलेले पदर तरंगत होते. फांदी नाही, पाखरू नाही.

"हे भट्टीतल्या रसायनाचे पदर," लेक म्हणाली. "हे दिसले की शंका उरत नाही."

"म्हणजे नानांनी मरायच्या आधी हेच पाहिलं."

पहिल्यांदाच बाई इतकं लांब वाक्य बोलल्या. गालावर हात दाबून त्यांनी टेबल नीट न्याहाळलं. सूक्ष्मदर्शकाशेजारी छोटा अतिनील दिवा होता, बंद. दिव्याखाली दागिन्याची जुनी डबी, उघडी. डबीतला कापूस बाहेर काढून, बोटांनी पसरून, बरोबर दिव्याच्या तोंडाशी ठेवलेला.

"डबी कुणाची?"

"हेडमास्तरीणबाईंची. अंगठी वर्षानुवर्षं यातच असायची. त्या घालत नसत, कपाटात ठेवून द्यायच्या."

"कापूस तुम्ही काढलात?"

लेकीने मान हलवली. नाही.

निरीक्षकबाईंनी खिडकीचा पडदा ओढला आणि दिव्याचं बटण दाबलं.

३

कापूस निळसर दिसू लागला. आणि मधोमध, दगडाच्या बरोबर आकाराचा, एक पिवळट डाग उजळला.

लेक खाली बसली. स्टूल मागे आहे का हेही तिने पाहिलं नाही.

"तेल," ती म्हणाली. "पाचूच्या भेगा दिसू नयेत म्हणून त्यात तेल मुरवतात. खाणीतल्या जवळजवळ सगळ्या पाचूंना असतं. वर्षानुवर्षं ते हळूहळू पाझरतं. या डबीत तेल प्यालेला पाचू होता, बाई. आणि या अंगठीतल्या दगडाला वरपर्यंत येणारी एक भेग नाही. ज्याला भेग नाही तो तेल पिणार कुठून आणि सोडणार कुठून?"

"म्हणजे डबीतून आली ती अंगठी अस्सल होती."

"हो. दगड बदलला तो आमच्याकडे आल्यावर."

निरीक्षकबाईंनी दिवा बंद केला. "तुमच्या वडिलांना हे काल कळलं होतं. कापूस त्यांनीच पसरला. आपली सही बरोबर होती, हे कळलेला माणूस लाजेने का मरेल?"

कालपासून लेकीच्या छातीवर ठेवलेला दगड हलला होता, पण त्याच्याखाली दुसराच निघाला होता.

"ताई," बाईंनी विचारलं, "सोमवारी नानांनी विचारलं, ते अंगठी धुण्याचं काय आहे?"

"दुकानात दागिने धुवायचं मशीन आहे. पाण्यात अतिशय बारीक थरथर होते आणि फटींतला मळ निघून येतो. सोनं, हिरा, काहीही चालतं. पाचू सोडून. थरथरीने तेल निघून जातं, भेगा उघड्या पडतात, कधी दगडच फुटतो. नानांचा नियम होता, पाचू मशीनजवळही न्यायचा नाही. दादाने लहानपणी एकदा टाकला होता. बाहेर आला तो खडीसाखरेसारखा पांढरा. नानांनी तो फेकला नाही. काचेच्या कुपीत घालून मशीनच्या कपाटावर टांगला. अजून तिथेच आहे."

"आणि ही अंगठी?"

लेकीने अंगठी उजेडात धरली. भिंगातून दातांच्या मुळाशी पाहिलं. एकदा, मग पुन्हा.

"पॉलिशची लाली कुठेच नाही," ती सावकाश म्हणाली. "दुरुस्तीनंतर पॉलिश केलं की लाल लुकण दातांच्या खाली अडकून राहतं. फडक्याने पुसून ते कधीच पूर्ण निघत नाही. मशीननेच निघतं." तिने वर पाहिलं. "माझ्याकडे आली तेव्हाही अशीच लख्ख होती. माझ्या लक्षातच आलं नाही. नानांच्या आलं."

४

कारागीर कारखान्यात मान खाली घालून बसला होता. दगड कोंदणात बसवण्यात त्याची हयात गेली होती आणि घरातल्या सगळ्यांनी दोन दिवसांत त्याच्याकडे चोरून पाहून घेतलं होतं.

"मॅडम, सरळ विचारा," तो म्हणाला. "दगड बदलला तर कारागिराने, हे ठरलेलंच असतं. माझ्या सासऱ्यांनाही असंच एकदा पोलिसांनी उचललं होतं. दोन दिवस ठेवलं, मग दगड शेठजींच्याच कोटाच्या खिशात निघाला. कुणी माफी मागितली नाही."

निरीक्षकबाई गप्प राहिल्या. त्याने शांतता भरून काढली.

"दात लावायचा तर डाग देऊन सांधावा लागतो, आच लागते. म्हणून आधी दगड काढला. नानांनी शिकवलेलं आहे, आचेजवळ पाचू नको. काढताना दोनदा चिमट्यातून निसटला. बुळबुळीत. एकदा तर मांडीवर पडला, म्हटलं गेली नोकरी. वाटीत ठेवला, दात लावला, जेवायला गेलो. परत येऊन बसवला. पॉलिश केलं आणि दुकानात पाठवला."

"बसवताना निसटला?"

"नाही. एका झटक्यात बसला. मलाच बरं वाटलं, म्हटलं हात अजून चांगला आहे आपला." तो स्वतःशीच हसायला गेला आणि मध्येच थांबला. बाईंच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला. "मॅडम... तेलकट होता तो. बसवला तो तेलकट नव्हता."

"तुम्ही जेवत होता तेव्हा इथे कोण होतं?"

"हा रस्ताच आहे, मॅडम. दुकानातून घरात जायचं तरी इथूनच. दादा, ताई, जावईबापू, सगळे येतात-जातात."

"तुम्ही अंगठी धुतलीत?"

त्याने दोन्ही कानांना हात लावला. "पाचू? मशीनमध्ये? आणि मशीन काय माझ्या बापाचं आहे? कपाटाला कुलूप असतं. किल्ली दादांच्या करदोट्याला. आंघोळीलासुद्धा काढत नसतील."

५

दादा दुकानात एकटाच होता. अर्धं शटर ओढलेलं. निरीक्षकबाई आल्या तशी त्याने खुर्ची पुढे केली, पंखा लावला, थंड पाणी मागवलं. दाढेची चौकशी केली. त्याचं वागणं चोख होतं, फक्त डोळ्यांखाली काळं पडलं होतं. बाप गेलेल्या माणसाच्या डोळ्यांखाली ते असायचंच.

बाई बोलेनात. त्यांनी बोटातली अंगठी काढून काउंटरवर ठेवली. हिरव्या खड्याची, जुनी. दातांच्या डॉक्टरकडचा गुलाबी लगदा तिच्यात अडकला होता.

"आईची," त्या म्हणाल्या. "घाण झालीय."

दादाने भिंग डोळ्याला लावलं. क्षणभरच. मग चेहऱ्यावर ते सौम्य हसू आलं, जे सराफ वाईट बातमी देताना ठेवतात.

"मनाला लावून घेऊ नका, पण ही काच आहे. छान काच आहे. आत गोल बुडबुडे आहेत बघा, वितळवताना राहिलेले."

"आई मरेपर्यंत पाचू म्हणत होती."

"सगळ्यांच्या आया म्हणतात," दादा म्हणाला. "एक बरं झालं, काच असल्यामुळे निर्धास्त धुता येईल. पाचू असता तर मी हातही लावला नसता."

त्याने कमरेची किल्ली काढली, कपाट उघडलं आणि अंगठी मशीनमध्ये सोडली. पाणी गुणगुणू लागलं. वर खिळ्याला एक छोटी कुपी टांगलेली होती आणि तिच्यात काहीतरी पांढुरकं. थरथरीने कुपी भिंतीवर हलकीशी टकटकत होती.

"हे मशीन तुम्हीच चालवता?"

"मीच. विक्रीला बसणाऱ्या मुलींच्या हाती दिलं आणि एकीने मोत्यांची कुडी उकळून काढली. तेव्हापासून कुलूप. दुकानातून बाहेर पडणारा प्रत्येक दागिना माझ्या हातून धुऊन जातो."

"हेडमास्तरीणबाईंची अंगठी?"

कुपी तेवढ्यात दोनदा वाजली.

"पाचूची अंगठी आम्ही धूत नाही," दादा म्हणाला. "कधीच नाही. कारागिराने फडक्याने पुसून दिली असेल. नानांच्या त्या प्रश्नाला काही अर्थ नव्हता, बाई. आणि सांगतो ते लिहून घ्या, तो दगड पहिल्यापासूनच तसा होता. नानांच्या काळात यंत्रं कुठे होती? डोळ्याने बघायचे. चुकले. माणूस चुकतो."

"आणि चहा?"

"स्वतःच करून घेऊन गेले असतील. मी दुकानात होतो."

त्याने अंगठी पुसून परत दिली. काच लखलखत होती. बाईंनी ती बोटात घातली आणि उठल्या. दाराशी त्या वळल्या. दादा मशीनचं पाणी ओतून टाकत होता आणि वर टांगलेल्या कुपीकडे पाहणं टाळत होता.

६

लेकीचा नवरा धंद्यातला नव्हता. तो औषधांच्या कंपनीत फिरतीचं काम करायचा आणि सासऱ्यांच्या घरातच वरच्या मजल्यावर राहायचा. दगडांबद्दल कुणी बोलू लागलं की त्याचे डोळे मिटायला लागत, हे तो स्वतःच सांगायचा.

"शनिवारी संध्याकाळी बायकोने मला दुकानात पाठवलं. हेडमास्तरीणबाईंनी तिला परस्पर फोन केला होता, की अंगठी विकायची आहे, तेव्हा नवा दाखलाही करून ठेव. दादांना त्यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना वाटलं, दात लावला, झालं, अंगठी घरी जाणार. मी मागायला गेलो तर जरा चिडलेच. म्हणाले, 'जुना दाखला आहे ना, पुन्हा कशाला?' मी म्हटलं, मला काय माहीत, तुमची बहीण, तुम्ही बघा."

"अंगठी कुठे होती तेव्हा?"

"मशीनमध्ये. गुणगुणत होती. त्यांनी काढली, पुसली, दिली."

निरीक्षकबाईंनी कागदावरून मान वर केली. "पाचूची अंगठी. मशीनमध्ये."

"हो. मला वाटलं, आता चालत असेल. मागे मी एकदा बायकोचे पाचूचे कानातले त्यात टाकायला गेलो होतो तर दादांनी माझा हात धरला होता. असा पिरगळलाच म्हणा ना. 'जावई असाल तुमच्या घरी' म्हणाले. चार दिवस बोलले नाहीत." त्याने खांदे उडवले. "नियम बदलला असेल म्हटलं. मला काय कळतं."

"हे कुणाला सांगितलंत?"

तो चुळबुळला. "सोमवारी जेवायला मी नव्हतो. मंगळवारी सकाळी जिन्यात नाना भेटले. 'जावईबुवा, अंगठी धुताना कुणाला पाहिलंत का?' मी सांगितलं, दादांना. नाना हसले. म्हणजे हसल्यासारखं केलं. जिन्याचा कठडा धरून जरा उभे राहिले. म्हणाले, 'बरं. हे कुणाला बोलू नका.' म्हणून मी बोललो नाही. बायकोलाही नाही. मरणाऱ्या माणसाने शेवटची एक गोष्ट सांगितली, तेवढी तरी..." तो थांबला. रंग उतरत गेला. "बाई, मी ते सांगितलं म्हणून काही झालं का?"

७

निरीक्षकबाईंनी सगळ्यांना प्रयोगशाळेतच बोलावलं. खोलीत जागा नव्हती. कारागीर दारात उभा राहिला, जावई यंत्राशी, बहीण-भाऊ समोरासमोर स्टुलांवर. बाईंनी तोंडातला कापूस काढून टाकला. आता बोलायचं होतं.

"नानांनी एकच प्रश्न विचारला होता. तुम्ही सगळ्यांनी तो म्हातारचळ समजलात. त्या प्रश्नात सगळं होतं. अनोळखी माणूस पाचू धुवेल, कारण त्याला नियम माहीत नाही. जावईबुवा धुतील. या घरात वाढलेला माणूस धुणार नाही. त्याचा हात आपोआप थांबेल. तो धुवेल फक्त एकाच वेळी, हा दगड पाचूसारखा जपायची गरज नाही हे त्याला आधीच माहीत असेल तेव्हा." त्या दादाकडे वळल्या. "माझी अंगठी तुम्ही आधी पाहिलीत, काच आहे म्हणालात, आणि मग धुतलीत. शनिवारीही तसंच झालं. दुकानातून जाणारा प्रत्येक दागिना तुमच्या हातून धुऊन जातो. तुमच्या हाताला ती सवय आहे. त्या दिवशी हात थांबला नाही, कारण दगड खोटा आहे हे यंत्राच्या दोन दिवस आधी तुम्हाला माहीत होतं."

"चुकून धुतली असेन," दादा म्हणाला.

"मघाशी म्हणालात, धुतलीच नाही."

"कामाच्या गडबडीत आठवलं नाही. काय फासावर देणार का त्यासाठी?"

"त्या कुपीखाली उभं राहून? चुकून?"

दादाने कमरेची किल्ली चाचपली.

"कारागीर जेवायला गेले तेव्हा दगड वाटीत मोकळा होता. मापाचा दुसरा तुमच्याकडे तयार होता, जुन्या दाखल्यावर मापं असतातच. अंगठी थेट हेडमास्तरीणबाईंच्या घरी गेली असती, कपाटात पडून राहिली असती. तुमच्या बहिणीने मध्येच ती तपासली, हे तुमच्या हिशेबात नव्हतं. तपासल्यावर मात्र तुम्हाला आयती वाट मिळाली. नानांचीच चूक ठरवायची. नाना गप्प बसले असते तर ते चाललंही असतं. पण मंगळवारी त्यांनी दगड पाहिला, कापूस पाहिला, आणि त्याच्या आधी जिन्यात एक नाव ऐकलं होतं."

"चहा त्यांनी स्वतः घेतला," दादा म्हणाला. आवाज बारीक झाला होता.

"दादा," लेक म्हणाली.

तिने प्रथमच त्याच्याकडे सरळ पाहिलं.

"नानांनी या खोलीत कधी कप येऊ दिलाय? मला परीक्षेच्या दिवसांतसुद्धा नाही. चहा बाहेर, कारखान्याच्या बाकावर. काल कप आत आला. म्हणजे बोलणं बाहेर करण्यासारखं नव्हतं. दार लावून कुणाशी तरी बोलायचं होतं. आणि चहा आणणारा असा होता, की त्याला त्यांनी या खोलीत नाही म्हटलं नाही." ती स्टुलावरून पुढे झुकली. "तू आणलास ना?"

खोलीत सगळे कुठे पाहावं हे न कळून इकडे तिकडे पाहत होते. फक्त कारागीर दादाच्या हातांकडे पाहत होता. ते मांडीवर स्थिर होते, सराफाचे चांगले हात.

"ते ओरडले असते तर बरं झालं असतं," दादा शेवटी म्हणाला. "ओरडलेच नाहीत. म्हणाले, 'संध्याकाळपर्यंत दगड इथे आणून ठेव. मी कुणाला सांगणार नाही, पोलिसांनाही नाही. पण दुकानाच्या किल्ल्या ताईकडे जातील.' मी म्हटलं, बरं. म्हटलं, चहा आणतो. आणला. त्यांना दिला, मीही माझा प्यालो." तो थांबला. "म्हणाले, 'साखर कमी घातलीस, शहाणा आहेस.' मग मी कप घेऊन बाहेर गेलो. माझा."

लेक उठली. नवरा पुढे झाला तसा तिने हातानेच त्याला थांबवलं. ती दारातून बाहेर गेली, कारखान्याच्या बाकावर बसली, आणि बराच वेळ कुणी तिच्याजवळ गेलं नाही.

८

दगड दुकानातच सापडला. तिजोरीत नव्हे. दादाच्या गादीमागे, औषधाच्या रिकाम्या डबीत. नियमाप्रमाणे तो दुसऱ्या प्रयोगशाळेत तपासला जाणार होता. तरी लखोट्यात घालायच्या आधी निरीक्षकबाईंनी डबी लेकीसमोर उघडून धरली.

"हाच का, तेवढं सांगा. सही नको."

लेकीने सूक्ष्मदर्शकाचा दिवा लावला. दगड चिमट्यात धरला. तो निसटू पाहत होता. तिने डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही.

"हाच," ती म्हणाली. "पाखरू आहे."

बाहेर गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. दादाला नेत होते. तिने मान वर केली नाही.

"मी त्या दिवशी बोलले नसते तर अंगठी घरी गेली असती," ती म्हणाली. "कुणाला कळलं नसतं. नाना असते."

निरीक्षकबाईंना यावर नाही म्हणता आलं असतं. त्या म्हणाल्या नाहीत. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती आणि दाढही ठणकत होती.

"असते," त्या म्हणाल्या. "पण ते तुमच्या बोलण्याने मेले नाहीत. तुमचा निकाल ऐकून त्यांनी काय केलं ते तुम्ही पाहिलंत. चष्मा वर केला आणि तुमचा निकाल तपासला. आत पदर दिसले. त्यांनी शेवटची गोष्ट पाहिली ती ही, की लेक बरोबर आहे."

लेकीने दगड परत डबीत ठेवायला घेतला आणि तिचा हात थांबला. डबीत नवा कापूस होता, हलका पिंजलेला. मध्ये दगडापुरता खळगा केलेला. कापूस एका बाजूला ओलसर होता. तिने बोट लावून वास घेतला.

तेल. एकच थेंब, नाना दोघा भावंडांना शिकवायचे तसा, दगड कोरडा पडू नये म्हणून. ताजं होतं. मंगळवारचं असावं, किंवा त्यानंतरचं.